सोबतीचे बळ

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई मेधावी गेल्या. पंडिता रमाबाईंची ही एकुलती एक लेक. आईने उभ्या केलेल्या केडगावच्या मुक्ती मिशनचा भार पुढे तीच वाहणार, असे सगळे धरून चालले होते. रमाबाई तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या होत्या. प्रकृती ढासळली होती, कानांनी ऐकू येणे जवळजवळ बंद झाले होते. लेक गेल्यानंतर त्या साडेआठ महिने जगल्या आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचेही निधन झाले. त्या साडेआठ महिन्यांत त्यांनी एक काम शेवटास नेले. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून बायबल सोप्या मराठीत आणण्याचे ते काम कित्येक वर्षे चालले होते.

पोटचे मूल गमावलेले माणूस ज्याने जवळून पाहिले आहे, त्याला या साडेआठ महिन्यांचे मोल कळेल. अशा वेळी सकाळी उठून तोंड धुणेही जड जाते. मग एक थकलेली, बहिरी, लेक गमावलेली आई रोज परक्या लिपीतल्या ओळींपुढे बसते आणि त्यांना मराठी शब्द शोधते, ते कोणत्या बळावर?

ख्रिस्ती माणूस सहज उत्तर देतो: देव सोबत होता म्हणून. उत्तर खरे आहे, असे मी मानतो. पण ते इतक्या सहज दिले जाते की त्यातला अर्थच निघून जातो. देव सोबत होता, तर लेक का गेली? आणि लेक गेलीच, तर देव सोबत होता म्हणजे नेमके काय झाले? हे प्रश्न टाळून दिलेला दिलासा पहिल्या आघातातच गळून पडतो. म्हणून ते अंगावर घेऊनच या बळाचा विचार करायला हवा.

आपल्याकडे या बाबतीत दोन सोप्या समजुती रूढ आहेत. पहिली भाविकांची: विश्वास पक्का असेल तर संकट टळते, आजार बरा होतो, अडलेली नोकरी लागते. दुसरी श्रद्धा नसलेल्यांची: देवाची सोबत वगैरे सगळी मनाची समजूत, दुबळ्याने स्वतःला घातलेली फुंकर. दोन्ही बाजू एकमेकींशी भांडत असल्या तरी एक गोष्ट दोघींनाही मान्य असते. ती म्हणजे, देवाच्या सान्निध्याचा उपयोग दुःख हटवण्यासाठी किंवा निदान ते जाणवू न देण्यासाठी असतो. पवित्र शास्त्र मन लावून वाचले, तर ते या दोघींच्याही बाजूने बोलत नाही, असे दिसते. शास्त्रातला देव संकट टाळण्याची हमी क्वचितच देतो आणि दुःखाला बधिर तर कधीच करत नाही. तो सोबत येतो, आणि त्या सोबतीत माणूस आपले ओझे घेऊन उभा राहू शकतो. एवढेच नव्हे, तर दुसऱ्याच्या ओझ्याला हात लावण्याइतका मोकळा होतो. माझे म्हणणे एवढेच आहे, आणि या दुसऱ्या भागावर माझा भर आहे. जे बळ दुसऱ्यापर्यंत पोहोचत नाही, ते देवाच्या सान्निध्याचे आहे की नाही, याची शंका घ्यायला हवी.

मुळात सान्निध्य हा शब्दच पाहू. जुन्या करारात ज्या ठिकाणी मराठी बायबल ‘समक्षता’ म्हणते, तिथे हिब्रूत अनेकदा ‘पानीम’ हा शब्द असतो. त्याचा सरळ अर्थ चेहरा. देवाच्या समक्षतेत असणे म्हणजे त्याच्या चेहऱ्यासमोर असणे. मराठीला हे समजायला वेळ लागत नाही, कारण ‘समक्ष’ या शब्दात डोळा आहे आणि ‘सन्मुख’ या शब्दात मुख. सान्निध्य म्हणजे देवळातून किंवा चर्चमधून भरून आणलेली शक्ती नव्हे. कोणीतरी आपल्याकडे पाहत आहे आणि आपण त्याच्याकडे पाहू शकतो, असे ते नाते आहे. ताप आलेल्या लेकराचा ताप आईच्या मांडीने उतरत नाही, तरी ते आईलाच का मागते, हे ज्याला कळले त्याला या शब्दाचा गाभा कळला.

मोशेची गोष्ट याच अंगाने वाचण्यासारखी आहे. जळत्या पण भस्म न होणाऱ्या झुडपातून त्याला बोलावणे येते, की जा आणि फारोच्या तावडीतून माझ्या लोकांना सोडव. मोशे घाबरतो आणि विचारतो, असे काम करणारा मी कोण लागून गेलो? तू हुशार आहेस, तुझ्यात अमुक गुण आहेत, असे देव त्याला सांगू शकला असता. आजच्या व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरात हेच सांगतात. पण देव त्याच्या पात्रतेबद्दल एक अक्षरही बोलत नाही. मी तुझ्याबरोबर असेन, एवढेच सांगतो. प्रश्न होता ‘मी कोण’, आणि उत्तर मिळाले ‘सोबत कोण’. पुढे रानात लोक वासराची मूर्ती करून बसतात, सगळे बिघडते, तेव्हा मोशेही तेच धरून बसतो. तू स्वतः बरोबर येणार नसशील, तर आम्हाला इथून पुढे नेऊच नकोस, असे तो देवाला विनवतो. वचनदत्त देश मिळेल पण देव बरोबर नसेल, असा सौदा त्याला नको होता.

एलीयाची कथा याहून जवळची वाटते, कारण तो आपल्यासारखाच खचतो. कर्मेल डोंगरावर मोठा विजय मिळवलेला हा संदेष्टा ईजबेल राणीच्या एका धमकीने पळत सुटतो. बैर-शेब्याला आपल्या चाकराला मागे सोडतो, एकटाच रानात एक दिवसाची मजल चालून जातो, रतामाच्या झुडपाखाली बसतो आणि मरण मागतो. इथे देव त्याला विश्वासावर प्रवचन देत नाही. झोपू देतो. देवदूत येऊन त्याला स्पर्श करतो, निखाऱ्यावर भाजलेली भाकरी आणि पाण्याचे भांडे त्याच्या उशाशी ठेवतो. तो खातो आणि पुन्हा झोपतो. देवदूत पुन्हा उठवून त्याला खाऊ घालतो, कारण पुढची वाट त्याला झेपणारी नाही. देवाच्या सान्निध्याची पहिली खूण इथे भाकरी आणि झोप ही आहे. नैराश्याने ग्रासलेल्या माणसाला ‘तुझा विश्वास कमी पडतोय’ असे सुनावणाऱ्यांनी हा अध्याय पुन्हा वाचावा. औषध घेणे, डॉक्टरकडे जाणे, विश्रांती घेणे यात विश्वासाची कसूर मुळीच नाही. रतामाखालची भाकरी देवानेच धाडली होती.

चाळीस दिवसांच्या चालीनंतर एलीया होरेबला पोहोचतो. सोसाट्याचा वारा सुटतो, भूकंप होतो, अग्नी पेटतो, पण परमेश्वर त्यांत नसतो. मग एक शांत, मंद वाणी येते आणि विचारते, तू इथे काय करतोस? एलीया आपले गाऱ्हाणे सांगतो. विशेष म्हणजे हाच प्रश्न वाऱ्याच्या आधीही विचारला होता, आणि एलीया दोन्ही वेळा शब्दाला शब्द तेच उत्तर देतो. देवदर्शनाने त्याचे गाऱ्हाणे बदललेले नाही, आणि त्याबद्दल देव त्याला रागावतही नाही. तो त्याला काम देतो: परत जा, अमक्याला अभिषेक कर, अलीशाला आपल्या जागी नेम. आणि एक माहिती देतो: तुला वाटते तसा तू एकटा नाहीस, इस्राएलात माझे सात हजार लोक आहेत. भाकरी, झोप, ऐकून घेणारा, काम आणि माणसे, या पाच गोष्टींतून एलीया पुन्हा उभा राहिला. वीज कडाडून चमत्कार झाला नाही.

स्तोत्रसंहितेत हे अनुभव प्रार्थना होऊन येतात. तेविसावे स्तोत्र कित्येक ख्रिस्ती घरांत मुलांना तोंडपाठ असते आणि मातीच्या वेळीही तेच म्हटले जाते. त्यात एक बारकावा आहे. सुरुवातीच्या ओळींत कवी परमेश्वराबद्दल बोलतो: तो मेंढपाळ आहे, तो हिरव्या कुरणात नेतो, तो जीव ताजातवाना करतो. पण दरी काळोखी होते, मृत्यूची सावली पडते, त्याच क्षणी ‘तो’चा ‘तू’ होतो. कुरणात ज्याच्याविषयी बोलणे चालले होते, त्याच्याशीच दरीत बोलणे सुरू होते. दरी टळत नाही, तिच्यातून जावेच लागते. देवाविषयीची माहिती आणि देवाशी संबंध यांतले अंतर मात्र तिथे संपते.

आणि सगळी स्तोत्रे तेविसाव्यासारखी शांत नाहीत. दीडशे स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत. किती दिवस, का, कुठे आहेस, असा जाब देवाला विचारणारी. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते, शेवटी आशेची एक ओळसुद्धा येत नाही. ही स्तोत्रे ज्यांनी शास्त्रात जपून ठेवली, त्यांना एक गोष्ट ठाऊक होती: देवाला जाब विचारणारा माणूस देवासमोरच उभा असतो. आपल्याकडे मात्र मातीला जमलेली माणसे रडणाऱ्या आईला घाईघाईने गप्प करतात. ‘देवाची इच्छा’, ‘त्याला जास्त आवडला म्हणून नेला’ असे काहीतरी बोलून मोकळी होतात. हेतू चांगला असतो, पण या बोलण्याने त्या आईची प्रार्थना तोडली जाते. ईयोबाच्या मित्रांचेही असेच झाले. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ मुकाट जमिनीवर बसले होते, तोवर त्यांचे ठीक होते. ते देवाची वकिली करू लागले आणि चुकले. शेवटी देवाने योग्य ठरवले ते ईयोबाचे बोलणे, त्यांचे नव्हे.

या सगळ्याचा कळस गेथशेमाने बागेत होतो. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या आरंभी येशूला इम्मानुएल, म्हणजे आम्हांबरोबर देव, हे नाव मिळते आणि शेवटी तोच आपल्या शिष्यांना युगाच्या समाप्तीपर्यंत सोबतीचे वचन देतो. दोन टोकांना सोबत आहे, आणि मध्ये ही बाग आणि तो क्रूस. बागेत येशू व्याकूळ होतो आणि हा प्याला टळावा म्हणून विनवतो. लूक सांगतो, की स्वर्गातून एक दूत येऊन त्याला बळ देतो. आता तो शांत झाला असेल, असे आपल्याला वाटते. पण लूक पुढे सांगतो, की तो अधिकच कळकळीने प्रार्थना करू लागला आणि त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा भुईवर पडू लागला. बळ आल्यावर वेदना कमी झाली नाही. पळून न जाता ती भोगण्याची ताकद आली. देवाच्या सान्निध्यातून मिळणारे बळ कसे असते, याचे इतके स्पष्ट चित्र शास्त्रात मला दुसरे दिसत नाही.

म्हणूनच फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रातले पौलाचे ते प्रसिद्ध वचन, ख्रिस्ताच्या बळाने मी सर्व काही करू शकतो अशा अर्थाचे, परीक्षेच्या आणि धंद्याच्या यशासाठी भिंतीवर लावणे चुकीचे वाटते. पौल तुरुंगात आहे. त्याआधीच्याच ओळीत तो सांगतो, की पोटभर खाणे आणि उपाशी राहणे, भरभराट आणि तंगी, दोन्ही तो शिकला आहे. ‘सर्व काही’मध्ये उपासही येतो. आपल्या शरीरातला काटा निघावा म्हणून त्याने तीनदा विनवणी केली आणि काटा निघाला नाही. कृपा मिळाली, आणि ती पुरेशी आहे असे त्याला कळले. रोग्याला मंचावर बोलावून तत्काळ आरोग्याची हमी देणाऱ्या आणि बरे न झाल्यास त्याच्याच विश्वासाला दोष देणाऱ्या सभांमधून पौल स्वतः बहुधा अल्पविश्वासी म्हणून परत पाठवला गेला असता. अशा शिकवणुकीने दुबळ्या माणसावर दुहेरी घाव होतो: आधी दुखणे, वर अपराधीपणा. मंडळ्यांनी याविरुद्ध स्पष्ट बोलायला हवे.

आता पुन्हा रमाबाईंकडे येऊ, कारण शास्त्रात वाचलेले आयुष्यात उतरते का, हा खरा प्रश्न आहे. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांनी आई, वडील आणि बहीण गमावली. भावाबरोबर पायी देश पालथा घालत १८७८ मध्ये त्या कलकत्त्याला पोहोचल्या आणि तिथे ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्यांनी गौरवल्या गेल्या. १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती बिपिन बिहारी मेधावी पटकीने गेले. मनोरमा तेव्हा वर्षाचीही नव्हती आणि रमाबाई स्वतः तेवीस वर्षांच्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांना ख्रिस्ताकडे काय ओढून गेले, ते त्यांनी स्वतः नोंदवले आहे. समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांना तिथल्या भगिनी कशा मायेने सांभाळतात हे त्यांनी पाहिले, आणि विहिरीवर शोमरोनी स्त्रीशी बोलणाऱ्या येशूची योहानाच्या शुभवर्तमानातली कथा वाचली. सेवा आणि शास्त्र, दोन्ही एकदम भेटली.

तरीही त्या पुढे प्रामाणिकपणे लिहितात, की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगले: आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, खुद्द ख्रिस्त सापडला नव्हता. कुरणातल्या ‘तो’पासून दरीतल्या ‘तू’पर्यंतचा हा प्रवास आहे. विद्वत्तेत ज्यांचा हात धरणारे थोडेच, त्यांनाही तो करायला आठ वर्षे लागली. आपल्याला लगेच काही जाणवत नाही म्हणून खचणाऱ्या भाविकांनी हे लक्षात ठेवावे.

या नव्या ओळखीचा परिणाम कुठे दिसला? १८९६–९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाईंनी स्वतः उपासमार भोगली होती आणि त्या आठवणीपासून दूर राहणे कुणीही समजून घेतले असते. त्या मात्र स्वतः दुष्काळी भागात गेल्या आणि भुकेने सापळा झालेल्या, नको त्या हातांत पडण्याच्या बेतात असलेल्या मुलींना घेऊन आल्या. त्यातून केडगावची मुक्ती वसाहत वाढली. १९०० च्या दुष्काळानंतर तिथली वस्ती हजाराच्या पुढे गेली. त्यांच्या धर्मांतरावर आणि त्यांनी चालवलेल्या शारदा सदन या शाळेतल्या धर्मशिक्षणाच्या प्रश्नावर महाराष्ट्रात कडवा वाद झाला. १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांसारखे सल्लागारही दूर झाले. त्या वादाच्या बाजू आजही अभ्यासाव्यात. पण एक गोष्ट वादापलीकडची आहे: स्वतःच्या जुन्या जखमेची वाट धरून ही बाई दुसऱ्यांच्या जखमेपर्यंत गेली.

इथे दोन आक्षेपांना उत्तर द्यायला हवे. पहिला आक्षेप, धर्म ही वेदनेवरची अफू. मार्क्सची ही उपमा हसण्यावारी नेऊ नये. अन्याय मुकाट सोसायला लावणारा धर्म जगात भरपूर आहे आणि ख्रिस्ती चर्चही त्यातून सुटलेले नाही. परंतु अफूची पारख सोपी आहे: ती माणसाला झोपवते. रमाबाईंच्या बाबतीत नेमके उलटे घडले. बळाचा कस लावायचा तो इथे.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे. रमाबाईंनी आणलेल्या मुली वाचल्या, पण त्या दुष्काळात मेलेल्या असंख्य मुलींजवळ देव कुठे होता? या प्रश्नाला माझ्याकडे असे उत्तर नाही, जे एखाद्या मेलेल्या मुलीच्या आईसमोर उभे राहून मी देऊ शकेन. आणि ज्याला असे उत्तर आहे असे वाटते, त्याच्यापासून मी सावध राहीन. ख्रिस्ती विश्वास इथे स्पष्टीकरण देत नाही, क्रूसाकडे बोट दाखवतो. देवाने दुःखाचा खुलासा केला नाही, तो त्यात उतरला. परित्यक्त मरण काय असते, ते त्याला आतून माहीत आहे. यावर विश्वास ठेवणे किंवा न ठेवणे हा ज्याच्या त्याच्या अंतःकरणाचा निर्णय आहे. पण हा विश्वास ठेवणारा माणूस दुष्काळाकडे पाठ फिरवू शकत नाही, कारण त्याचा देव तिकडेच तोंड करून उभा आहे.

क्रूसावरच्या त्या मरणात भाषेचीही एक गोष्ट आहे. शुभवर्तमाने ग्रीकमध्ये लिहिली गेली, पण ‘देवा, तू मला का सोडलेस’ ही येशूची शेवटची आर्त हाक मार्काने आणि मत्तयाने त्याच्या आईच्या भाषेत, अरामी उच्चारांसह, जपली आहे. प्राण कंठाशी येतो तेव्हा माणूस घरच्या भाषेत हाक मारतो. देवाचे सान्निध्य खरे व्हायचे, तर देवाचे वचनही त्याच भाषेत कानी पडायला हवे. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या इंग्रज फादर थॉमस स्टीफन्स यांनी हे ओळखले आणि ओवीत ख्रिस्तपुराण रचले. ते १६१६ मध्ये छापले गेले. रमाबाईंना बायबल सोप्या मराठीत आणायचे होते, तेही याच ओढीने. पंडितांना कळणारे मराठी त्यांना सहज लिहिता आले असते. दळताकांडताना समजेल असे वचन त्यांना मुक्तीतल्या मुलींच्या हाती द्यायचे होते.

त्या मुलीच पुढे छापखान्यात खिळे जुळवायला शिकल्या. दुष्काळातून उचलून आणलेल्या हातांनी त्या ग्रंथाची पाने छापली. लेक गेल्यानंतरही रमाबाई त्या टेबलाशी का बसल्या, याचे उत्तर मला इथे मिळते. देवाच्या चेहऱ्यासमोर रोज बसायची त्यांची जागा तीच होती, आणि तिथून निघणारा प्रत्येक शब्द कुणातरी मुलीच्या रात्रीला पुरणार होता.

आपण रमाबाई नाही. पण आपल्या दाराशीही दरी येतेच. तेव्हा एलीयाला मिळाले ते आपणही घ्यावे: अन्न, झोप, मनमोकळे गाऱ्हाणे, हाताला काम आणि मंडळीतली माणसे. रोज एखादे स्तोत्र मोठ्याने वाचावे, विलापाचेही, आणि काही जाणवले नाही तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचावे. आणि शेजारच्या घरात दुःख असेल, तर उत्तरे घेऊन जाऊ नये, डबा घेऊन जावे आणि बसावे. गेथशेमानेत येशूने आपल्या तिघा शिष्यांकडे एकच गोष्ट मागितली होती, की माझ्याबरोबर जागे राहा. ते झोपी गेले. आज आपल्या ओळखीत कोणीतरी तशाच रात्रीतून जात आहे. त्याच्यासाठी आपण जागे राहू या.